घोडीची 'खोड' आणि तिचे रिकामे तास

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याजवळच्या शेतावर एका कुटुंबानं सहा वर्षांची काठियावाडी घोडी घेतली. आठ बाय दहाच्या पत्र्याच्या खोलीत तिचं ठाण आहे, आणि तिथे ती अगाडी-पिछाडी लावून, म्हणजे पुढून आणि मागून दोरानं, बांधलेली असते. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला चंदी, म्हणजे दाण्याचं खाणं, आणि सोबत वैरण मिळते. दिवसाचा हिशेब म्हणजे दोन किलो हरभरा भिजवून, दीड किलो गव्हाचा कोंडा, थोडा गूळ, ज्वारीच्या कडब्याची तीन किलो कुट्टी आणि पाचेक किलो हिरवं हत्तीगवत. संध्याकाळी तासभर रपेट. चार महिन्यांतच घोडी गव्हाणीची कड दातात धरून हवा ओढायला लागली. चंदीची वेळ जवळ आली की ती एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत राहते. दोनदा पोट दुखलं. फासळ्या दिसतात. विकणाऱ्यानं खोड लपवली का, गळ्याला पट्टा आवळावा का आणि चंदी वाढवावी का, असे तीन प्रश्न आहेत.

मी सव्वीस वर्षं घोड्यांवर उपचार करतोय. लग्नातल्या घोड्या, रायडिंग स्कूलचे घोडे, माथेरानची तट्टं, हौसेनं पाळलेली मारवाडी जनावरं, सगळीकडे हे तीन प्रश्न याच क्रमानं येतात. तिन्हींचं उत्तर 'नाही' असं आहे. पट्टा आवळू नका, चंदी वाढवू नका, आणि विकणाऱ्यावर संशय घेण्याआधी स्वतःच्या तबेल्यातलं घड्याळ बघा. तुमची घोडी दिवसातले वीस तास रिकाम्या तोंडानं उभी असते. तिच्या बहुतेक तक्रारी त्या वीस तासांतून आल्या आहेत.

हा आकडा कुठून आला ते सांगतो. एक किलो वाळलेलं लांब गवत खायला घोड्याला साधारण चाळीस मिनिटं लागतात, आणि त्यात तो तीन हजारांहून जास्त वेळा चावतो. एक किलो ओट किंवा तसा दाणा दहाएक मिनिटांत संपतो. तुमच्या घोडीची साडेतीन किलो चंदी म्हणजे पाऊण तासाच्या आतला खेळ. तीन किलो कुट्टी दोन तासांच्या आत संपते, कारण कापलेला चारा लांब गवतापेक्षा लवकर गिळला जातो. हत्तीगवताचा एखादा तास धरा. सगळं मिळून साडेतीन ते चार तास. मोकळ्या माळावर सोडलेला घोडा दिवसाचे सोळा-सोळा तास चरतो. चार पावलं, एक घास, पुन्हा चार पावलं. त्याचं पोट या चालीसाठी घडलेलं आहे.

पोटाची रचना समजली की पुढचं सगळं आपोआप उमगतं, म्हणून इथे जरा थांबतो. घोड्याचं जठर आठ ते पंधरा लिटरचं, म्हणजे अंगाच्या मानानं अगदी लहान. त्यात आम्ल चोवीस तास पाझरत असतं, आत अन्न असो वा नसो. ते आम्ल मारणारी लाळ मात्र फक्त चावतानाच सुटते. आपल्या तोंडाला वासानं पाणी सुटतं, तसं घोड्याचं होत नाही. म्हणजे चावणं थांबलं की लाळ थांबते आणि आम्ल चालूच राहतं. जठराचा वरचा भाग आम्लापासून फारसा सुरक्षित नसतो. रिकाम्या पोटी दौडवलं की आम्ल हिंदकळून नेमकं तिथे पोचतं आणि व्रण पडतात. शर्यतीच्या घोड्यांच्या जठरात दुर्बिणीनं पाहिलं, तर दहातल्या आठ-नऊ घोड्यांत असे व्रण सापडतात, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसून आलंय. तुमची घोडी संध्याकाळी किती वाजता रपेटीला निघते? पाच वाजता असेल, तर तिच्या पोटात सकाळी नऊनंतर काहीही गेलेलं नाही.

दाण्याचं गणित याच्याही पुढे जातं. घोडा रवंथ करत नाही. पिठूळ भाग लहान आतड्यात पचायला हवा आणि तंतुमय भाग मागच्या मोठ्या आतड्यात सूक्ष्मजंतूंनी आंबवायला हवा. एका वेळी जास्त दाणा दिला की लहान आतड्याला तो आवरत नाही आणि न पचलेला पिठूळ भाग मागे जाऊन पडतो. तिथे तो भसाभस आंबतो, गॅस होतो, आम्ल वाढतं, चांगले जंतू मरतात आणि विषारी द्रव्यं रक्तात उतरतात. पोटशूळ उठतो तो असा. जास्तच झालं तर खुरांच्या आतले पापुद्रे सुजतात आणि घोडा कायमचा लंगडा होतो. घोड्याला ओकताही येत नाही, म्हणजे चूक बाहेर टाकायची सोयच नाही. एका वेळच्या चंदीत वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅमपेक्षा जास्त पिष्ट, म्हणजे तो पिठूळ भाग, नसावं, असा आम्हा डॉक्टरांचा ढोबळ नियम आहे.

आता घोडीचं वजन काढू. काट्याची गरज नाही, शिंप्याचा टेप पुरतो. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी घ्या. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०, एवढं केलं की किलोत वजन मिळतं. तुम्ही कळवलेली मापं १६० आणि १५० आहेत, म्हणजे साधारण ३२३ किलो. तिला एका वेळी ३२०-३२५ ग्रॅमच्या आत पिष्ट मिळायला हवं. सध्या एका वेळच्या एक किलो हरभऱ्यातून चारशे ग्रॅमच्या आसपास आणि पाऊण किलो कोंड्यातून आणखी दीडशे ग्रॅम जातंय. गूळ वेगळाच. चंदी वाढवली तर फासळ्या भरणार नाहीत, फक्त पुढचा पोटशूळ लवकर येईल.

वैरणीचा हिशेब उलट्या बाजूनं चुकलाय. चाऱ्यातलं पाणी वजा करून जे उरतं ते कोरडं वजन, आणि ते घोड्याच्या वजनाच्या किमान दीड टक्का हवं, दोन टक्के असेल तर उत्तम. तुमच्या घोडीला रोज पाच ते साडेसहा किलो कोरडी वैरण लागते. तीन किलो कुट्टीतून पावणेतीन किलो मिळते. पाच किलो हत्तीगवत बघायला भारा दिसतो, पण त्यात ऐंशी टक्के पाणी, म्हणजे हाती लागतं किलोभर. एकूण पावणेचार किलोच्या आत. घोडी उपाशी आहे आणि तिची गव्हाण हरभऱ्यानं भरलेली आहे. या दोन गोष्टी एकाच तबेल्यात एकत्र नांदतात, आणि मालकाला वाटतं आपण जनावराचे लाड करतोय. लाड करण्यात तुम्ही खरंच कमी पडला नाहीत. फक्त पैसा आणि माया चुकीच्या टोपलीत गेली.

कोंड्याबद्दल वेगळं सांगायलाच हवं, कारण महाराष्ट्रातल्या तबेल्यांत त्याच्याइतकी विश्वासाची वस्तू दुसरी नाही. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस हा कॅल्शियमच्या जवळजवळ दहापट असतो. घोड्याला कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं तरी हवं, त्याहून थोडं जास्त असेल तर बरं. रोज दीड-दोन किलो कोंडा महिनोन् महिने खाल्ला की शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवायला हाडांतून उसनं घेतं. हाड पोकळ होतं, चेहऱ्याची हाडं मऊ तंतूंनी फुगतात, दात हलतात, चाल जड होते. वरातीतल्या एका पांढऱ्या घोडीचे गाल असे दोन्ही बाजूंनी फुगलेले होते की मालकाला ती 'भरलेली' वाटत होती. मी बोटानं हाडावर टिचकी मारली, तर घट्ट टक्क आवाजाऐवजी भोपळ्यावर मारावं तसा मंद आवाज आला. त्या घरात तीन पिढ्या घोडी पाळत होते, प्रेमानं पाळत होते, आणि तिन्ही पिढ्या कोंडाच घालत होत्या. शिवाय हत्तीगवतासारख्या गवतात ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य असतं, ते आहे त्या कॅल्शियमलाही बांधून ठेवतं. कोंडा आणि हत्तीगवत ही जोडी त्यामुळेच वाईट. यावर आपल्याकडचा सोपा उपाय लसूणघास आहे. त्यात कॅल्शियम भरपूर असतं आणि जठरातलं आम्लही त्यानं निवतं. खोगीर चढवण्याआधी अर्धा तास दोन-तीन मुठी लसूणघास खायला घातला तर रपेटीत आम्ल हिंदकळण्याचा त्रास खूप कमी होतो. इतकं साधं आणि इतकं चांगलं औषध मला दुसरं माहीत नाही.

दूध, तूप, अंडी, बदाम यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सारंगखेड्याला जाऊन आलेला माणूस पुढच्या महिन्यात विचारतोच. तापीकाठी दत्तजयंतीला भरणारा तो घोडेबाजार मलाही प्रिय आहे. तिथली जनावरं बघून डोळे निवतात. पण बाजारातला घोडा विकायला सजवलेला असतो. मोठ्या झालेल्या घोड्याला दुधातली साखर नीट पचत नाही, आणि मानेवर चरबीची वळी चढलेला घोडा खुरांच्या सुजेला सगळ्यात जवळ असतो. बाजारातली चकाकी घरी आणायची असेल तर ती खराऱ्यानं आणि चांगल्या गवतानं येते.

आता खोडीकडे वळतो. कड दातात धरून मान ताणून हवा ओढणं, झुलणं, खोलीत फेऱ्या मारणं यांना आपण खोड म्हणतो. जणू पोर वाया गेलंय. ब्रिटनमध्ये शर्यतीच्या तबेल्यांतल्या हजारो घोड्यांची पाहणी करून १९९५ साली निष्कर्ष छापले गेले. त्यात दिसलं की ज्या तबेल्यांत घोड्यांना दिवसाला ६.८ किलोपेक्षा कमी वैरण मिळत होती, शेजारच्या घोड्यांशी संपर्क कमी होता आणि खाली पेंढ्याऐवजी दुसरं काही अंथरलेलं होतं, तिथे ही वागणूक जास्त होती. मोकळ्या रानात फिरणाऱ्या कळपांत हे दिसत नाही. शिंगराला दूध तोडताना भरपूर दाणा चारला गेला असेल तर बीज तेव्हाच पडतं, म्हणून विकणाऱ्याकडे सुरुवात झाली असण्याची शक्यता आहेच. पण तुमच्याकडे चार महिन्यांत ती उघड झाली, याचा अर्थ तुमच्याकडे तिला खतपाणी मिळालं.

गळपट्ट्यानं हवा ओढणं थांबतं, पण ओढायची गरज थांबत नाही. पट्टा काढल्यावर घोडे आधीपेक्षा जास्त ओढतात, हे मी स्वतः पाहिलंय. काही घोड्यांच्या गळ्याला पट्ट्याखाली ओल्या जखमा असतात आणि मालकाला त्या आठ-आठ दिवस दिसत नाहीत. गव्हाणीच्या कडेला तिखट, ऑइल किंवा करंट लावणाऱ्यांना हात जोडून सांगतो, असं करू नका. जनावर पोटातली आग सोसायचा एकच मार्ग शोधून बसलंय, तो बंद करून आग विझत नाही. आणि एक खरं आधीच सांगतो. सवय जुनी झाली असेल तर सगळं सुधारूनही ती थोडीफार राहू शकते. चार महिन्यांची आहे, म्हणून तुमच्या घोडीची आशा बरीच आहे. 'एकाचं बघून दुसरा शिकतो' म्हणून तिला इतर घोड्यांपासून दूर ठेवायचा सल्ला कुणी दिला तर तो मोडून काढा. एका तबेल्यातले चार घोडे असं करत असतील, तर चौघांचं घड्याळ सारखंच रिकामं असतं.

ठाणाबद्दल माझा आग्रह जास्त आहे, कारण चारा बदलायला लोक तयार होतात, दोर सोडायला होत नाहीत. अगाडी-पिछाडी ही छावणीची सोय होती. शेकडो घोडी उघड्यावर, एकमेकांच्या शेजारी, रात्रीपुरती बांधायची आणि दिवसा दहा कोस चालवायची, तिथे तिला अर्थ होता. चार भिंतींत एकटी घोडी तेवीस तास त्याच दोरात ठेवणं ही वेगळी गोष्ट झाली.

घोडा उभ्यानं डुलकी काढतो हे सगळ्यांना माहीत असतं. गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. दिवसाकाठी अर्धा ते एक तास पुरतो, पण तो मिळायलाच हवा. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे लग्नातली एक घोडी आणली. तक्रार अशी की चालता चालता गुडघ्यात मोडते, हृदयाचा आजार असेल का. हृदय ठणठणीत होतं. मी खाली बसून पुढचे पाय बघितले. दोन्ही पायांच्या घोट्यांवर समोरच्या बाजूनं रुपयाएवढे घट्टे होते, केस गेलेले, मध्ये ताजं खरचटलेलं. मालक म्हणाले, दोर घासतो. दोर मागून घासतो, समोरून नाही. घोडी रात्री उभ्यानंच गाढ झोपेत जात होती, पाय दुमडून पुढे कोसळत होती आणि दचकून उठत होती. आडवं व्हायला तिच्या दोरात दीड हात ढील नव्हती आणि खाली नुसती फरशी होती. त्यांचा मोतद्दार, म्हणजे घोडी सांभाळणारा माणूस, वयानं माझ्या वडिलांएवढा, हळूच म्हणाला, "डॉक्टर, ती बसतच नाही हे मला दिसत होतं, मला वाटलं मानी आहे." त्याच संध्याकाळी दोर सोडला, वीतभर पेंढा अंथरला. तिसऱ्या रात्री ती चारी पाय पसरून झोपली. त्या मोतद्दारमामांनी मला पहाटे चारला फोन केला, मेली की काय म्हणून.

तेव्हा तुमच्या घोडीचे पुढचे घोटे आज बघा. सकाळी तिच्या कुशीला, गालाला, शेपटीला पेंढ्याच्या काड्या चिकटलेल्या आहेत का तेही बघा. नसतील तर ती आडवी झालेली नाही.

आठ बाय दहा ही जागा तिच्या चणीला अपुरी आहे. तिच्यासाठी मोकळं ठाण बारा बाय बाराचं हवं, अगदी अडचण असेल तर दहा बाय दहाच्या खाली जाऊ नका. तुमच्या खोलीची बाहेरची भिंत छातीपर्यंत उतरवली आणि पुढे बांबूचं कुंपण घालून पाच-सहाशे चौरस फुटांचं अंगण जोडलं, तर नवा तबेला बांधायचा खर्च वाचेल आणि घोडीला पाय मोकळे करता येतील. कुंपणाला काटेरी तार अजिबात नको. तारेत अडकून कापलेले पाय मी इतके शिवलेत की तार दिसली तरी माझा जीव खाली-वर होतो. चालणं ही घोड्याच्या खुराची गरज आहे. प्रत्येक पावलाबरोबर खुरातलं रक्त वर ढकललं जातं. दिवसभर उभ्या घोड्याचे मागचे पाय संध्याकाळी सुजलेले दिसतात आणि चालवलं की उतरतात, ते याचमुळे. तासाभराची रपेट म्हणजे काम. स्वतःच्या मर्जीनं फिरणं, लोळणं, अंग घासणं ही त्याची मोकळीक वेगळी मोजा.

पत्र्याचं छप्पर एप्रिल-मे महिन्यांत भट्टी होतं. वर उसाचं पाचट किंवा गवताचा जाड थर टाका, आणि छपराच्या माथ्याशी गरम हवा जायला फट ठेवा. थंडीत खिडक्या बंद करायचा मोह होतो, तो टाळा. पुण्याची थंडी घोड्याला काहीच नाही, कोंडलेली हवा मात्र त्याची फुप्फुसं कायमची खराब करते. एक साधी परीक्षा सांगतो. सकाळी लीद काढण्याआधी ठाणात उकिडवे बसा, नाक जमिनीपासून हातभर उंचीवर आणा आणि दहा श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर मुताचा अमोनिया साचलाय. घोडा खाताना आणि झोपताना नेमकी तीच हवा ओढतो. तुम्ही उभ्यानं आत जाता आणि तुम्हाला वास येत नाही, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. ओलं अंथरूण रोज काढा, नुसतं वरून कोरडं टाकू नका. लिदीचा ढीग ठाणापासून लांब न्या. चावऱ्या माशा तिथेच वाढतात, आणि घोड्याला लीद, माती आणि खिळ्याची जखम हे त्रिकूट धनुर्वातापर्यंत नेतं. धनुर्वाताची लस दिलेली नसेल तर ती या आठवड्यात द्या.

गवत बुरशीचं किंवा धुळीचं असेल तर कोरडा खोकला आणि धाप लागते. हाताच्या मुठीत घेऊन उन्हाच्या तिरिपीत झटका आणि बघा. धूर निघाल्यासारखी धूळ दिसली तर पाण्यात वीस मिनिटं बुडवून, निथळून घाला. काळी बुरशी दिसली तर धुऊन उपयोग नाही, फेकून द्या. गवत जमिनीलगत खायला द्या, उंच टांगलं की धूळ थेट नाकात आणि डोळ्यांत जाते. पण थेट मातीवर टाकू नका. माथेरानला तांबड्या मातीवर वैरण खाणाऱ्या तट्टांच्या पोटात माती साचून शूळ उठलेला मी बघितलाय. तिथला एक घोडेवाला रोज रात्री घोड्यासमोर जुनी ताडपत्री अंथरतो, कडा दगडांनी दाबतो आणि त्यावर गवत घालतो. सकाळी ताडपत्री झटकून, घडी करून खोगिराखाली ठेवतो. त्याच्या घोड्याला शूळ आल्याचं मला आठवत नाही.

ती एकटी आहे हेही विसरू नका. घोडा कळपाचं जनावर आहे. दुसरा घोडा परवडत नसेल तर निदान तिला तुमच्या गाई दिसतील, शेळी सोबत राहील अशी रचना करा. खिडकीतून दुसरा घोडा नुसता दिसला तरी झुलणं कमी होतं, हे अभ्यासांतूनही पुढे आलंय.

आता बदल कसे करायचे ते सांगतो. एकदम करू नका, दहा ते चौदा दिवस घ्या. मागच्या आतड्यातले जंतू नव्या चाऱ्याला रुळायला तेवढा वेळ लागतो. आधी तोंड तपासून घ्या. जमिनीवर अर्धवट चावलेल्या गवताचे बोळे पडलेले दिसतात का? लिदीत अख्खे हरभरे निघतात का? दिसत असतील तर दाढांना टोकं आली आहेत आणि त्या घासून घ्यायला हव्यात. लिदीची जंताची तपासणी करा आणि त्यानुसार औषध द्या. फासळ्या दिसण्यामागे हे दोन्ही असू शकतं.

मग कुट्टी हळूहळू कमी करून चांगलं वाळलेलं डोंगरी गवत, पवन्या किंवा मारवेल, रोज सहा किलोपर्यंत न्या. कुसळी गवत फुलोऱ्यानंतर कापलेलं असेल तर घेऊ नका, कुसळं हिरड्यांत आणि जिभेखाली रुततात. सोबत तीन-चार किलो हिरवा लसूणघास. हत्तीगवत बंद करा किंवा अगदी थोडं ठेवा. हरभरा आणि कोंडा टप्प्याटप्प्यानं उतरवून दिवसाला किलोभर ओट किंवा भरडलेला सातू (जव) द्या, तोही तीन वेळांत. तासाभराच्या रपेटीला याहून जास्त लागत नाही. गूळ बंद. दोन महिन्यांनी फासळ्या भरल्या नाहीत तर दाणा न वाढवता गोडं तेल सुरू करू, रोज दोन चमच्यांपासून हळूहळू वर. खडे मीठ रोज मूठभर नको, तीस ग्रॅम पुरे. पाणी दिवसभर समोर हवं. उन्हाळ्यात तीस-चाळीस लिटर सहज लागतं. दोन वेळा बादली दाखवून नेणं ही शूळ ओढवून घेण्याची सगळ्यात खात्रीची पद्धत आहे. कोरडी वैरण वाढवताना तर पाण्यावर दुप्पट लक्ष ठेवा.

वैरण चार वेळांत विभागा आणि रात्री दहाचा वाटा सगळ्यात मोठा ठेवा. एका रायडिंग स्कूलमध्ये मी फक्त एवढाच बदल करून घेतला होता. चारा तोच, किलो तेच, पण संध्याकाळी सहाचा निम्मा भारा रखवालदारानं दहा वाजता घालायचा. पहाटेचे शुळाचे फोन त्या पावसाळ्यात जवळजवळ थांबले. रात्रीचा भारा बारीक भोकांच्या जाळीत भरून द्या, म्हणजे एकेक काडी ओढून खावी लागते आणि तोच चारा दुप्पट वेळ पुरतो. जाळी उंच न टांगता भिंतीला खालून-वरून पक्की बांधा, खूर अडकायला नको.

पावसाळ्याची तयारी आत्तापासून हवी. जून ते ऑक्टोबर पाच महिन्यांना सहा-सात किलोच्या हिशेबानं सुमारे एक टन कोरडं गवत लागेल. डोंगरी गवत दिवाळीच्या सुमाराला कापलं जातं आणि तेव्हाच स्वस्त व चांगलं मिळतं. मे महिन्यात शोधायला निघालात तर जे उरलंय ते घ्यावं लागेल. शिवाजी महाराजांनी चिपळूणकडच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र आमच्यापैकी अनेकांना पाठ असतं. दाणा-वैरण आधीच उधळलीत तर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारलीत असं होईल, असा त्याचा मथितार्थ. गवताच्या गंजीला आग लागू नये म्हणून दिव्याची वात उंदीर ओढून नेईल इथपर्यंत त्यात काळजी घेतलेली आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं ते पत्र आजही तबेल्याच्या दारावर लावावं असं आहे.

कायद्याचं एक वाक्य सांगून ठेवतो. १९६०च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात, जनावराला अवाजवी आखूड किंवा जड दोरानं अवाजवी काळ बांधून ठेवणं आणि पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हे दोन्ही गुन्हे आहेत. तुम्ही प्रश्न विचारलात, म्हणजे तुमचा हेतू स्वच्छ आहे. पण बांधून ठेवणं ही निव्वळ रीत आहे असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा.

या पंधरा दिवसांत घोडी पोटाकडे वळून बघायला लागली, पाय खणायला लागली, घामेजली, किंवा आठ तास लीद पडली नाही, तर दाणा-गवत काढून घ्या आणि त्याच क्षणी डॉक्टरांना बोलवा. निरोगी घोडी दिवसात आठ ते बारा वेळा लीद टाकते, तेव्हा सकाळचे ढीग मोजायची सवय घरातल्या मुलांनाही लावा.

आणि एक वही ठेवा. दर वेळी वैरण किती वाजता घातली आणि किती वाजता संपली, एवढंच लिहा. रात्रीची जाळी पहाटे तीनलाच रिकामी होत असेल तर अर्धा किलो वाढवा. सकाळी सहाला तुम्ही दार उघडता तेव्हा जाळीत मूठभर गवत शिल्लक असेल आणि घोडी दाराकडे न धावता खातच उभी असेल, तर प्रमाण बरोबर बसलं. तोपर्यंतचे आकडे मला कळवा, पुढची चंदी त्यावरून ठरवू.